खोडरबर

जंत्रीच्या भोकांतून तार ओढायला
मी अकराव्या वर्षी शिकलो.
मोठ्या भोकातून लहान, लहानातून आणखी लहान,
मधे मधे तापवायची, नाहीतर तुटते.
आप्पा म्हणायचे, धातूला घाई सांगू नये.

हे सगळं माहीत असून
केतकीच्या दातांवर तार बसली त्या दिवशी
मीच डॉक्टर भंगाळेबाईंना विचारलं,
दीड वर्ष? लवकर नाही का होणार?
त्या हसल्या. म्हणाल्या, तुम्ही सोनार ना?

पहिले चार दिवस वरणात कुस्करलेला भात.
मग केळी. जळगावात केळ्यांना काय तोटा,
पण पाचव्या दिवशी केळं दिसलं की तोंड फिरवायची.
कळण्याची भाकरी दुधात भिजवून दिली
तर म्हणाली, पप्पा, हे मांजराचं जेवण आहे.
शेवभाजीतली शेव पार विरघळू द्यायची,
मग रस्सा चमच्याने,
आणि गालातल्या फोडाला तिखट लागलं
की ताटावरून उठून ओट्यावर दोन चकरा,
आणि परत येऊन तोच रस्सा.
जरा फिका करू का, विचारलं तर
आमच्याकडे असं बघितलं
जणू आम्ही तिला घराबाहेर काढतोय.

वर्गात तिला भुसावळ म्हणतात.
एवढे रूळ एका तोंडात, म्हणून.
हे तिनेच सांगितलं, ओठ मिटून हसत,
आणि मग मोरीत जाऊन
मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करत राहिली
गरजेपेक्षा बराच वेळ.

मार्गशीर्षातल्या रविवारी आसोद्याला भरीत होतं.
पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी,
बडगीत ठेचलेल्या मिरच्या, कांद्याची पात.
मी म्हटलं, हे मऊ आहे, हे तुझंच जेवण.
भरीत मऊ होतं. शेंगदाणे नव्हते.
पारोळ्याची मामी दर घासाला विचारी,
दुखस का वं बाई?
आणि ही मान हलवून नाही म्हणे.

रात्री अकराला दिवा लावून आरशापुढे बसलेली सापडली.
मागच्या दाढेपाशी तारेचं टोक सुटून
गालात रुतलेलं.
मेणाची डबी रिकामी.
गणिताच्या तासाला त्या मेणाचे हत्ती केले म्हणे.

मी हत्यारांची पेटी काढली.
बारीक चोचीची पक्कड, कातर, चिमटा,
याच पकडीने मी गुंजभर सोन्यात
मोती अडकवतो, हात हलत नाही.
"आ कर."
तिने आ केला.
आणि माझा हात
असा थरथरला
की तीच म्हणाली, पप्पा, आधी मॅडमना फोन करा.

भंगाळेबाई झोपेतच बोलल्या.
पक्कड ठेवून द्या. काही कापू नका.
पेन्सिल आहे? मागे खोडरबर असलेली?
धुऊन घ्या, आणि त्याने टोक हळूच दाताकडे दाबा.
उद्या दहाला आणा तिला.

सव्वीस वर्षांची पेटी उघडी पडलेली
आणि मी पोरीच्या कंपासपेटीत
खोडरबर शोधतोय.
दाबलं. तार वळली.
सोन्यापेक्षा हट्टी धातू, पण वळली.
केतकी म्हणाली, रबराची चव परीक्षेसारखी लागते,
आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.
गालाखाली थंड पाण्याचा रुमाल ठेवला होता,
तो सकाळी माझ्या उशीवर होता, का कोण जाणे.

दवाखान्यातून तिला शाळेत सोडून दुकानात आलो.
धरणगावच्या गिऱ्हाइकाची नथ द्यायची होती.
फासा वळवला, टोकाला कानस मारली,
दरवेळी मारतो तेवढीच.
मग इकडे तिकडे बघितलं,
दुकानात कोणी नव्हतं,
ते टोक खालच्या ओठाच्या आतून फिरवून पाहिलं.

टोचलं.

परत कानस घेतली.